छंदाचे दप्तर



आमच्या शिरूर अनंतपाळच्या परिसरात घरणी नदीवर एक जलाशय आहे. हिवाळा लागला म्हणजे त्याच्या काठी दूरदेशीचे पाहुणे उतरतात. नारिंगी अंगाचे चक्रवाक जोडीजोडीने दिसू लागतात, उथळ पाण्यात बदकांचे थवे बसतात. पक्षी पाहण्याचा छंद असलेली आम्ही पाचसहा मंडळी कित्येक वर्षे तेथे जात आलो आहो, आणि संध्याकाळी शाळेच्या ओट्यावर बसून काय काय पाहिले याची चर्चा करीत आलो आहो. या चर्चेत वाद होत, पैजा लागत, एकाची चूक दुसरा सुधारीत असे; आणि या सर्वांतून आपणांजवळ पुष्कळ ज्ञान साठले आहे, असा आमचा गोड समज होता.

तो समज माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याने एका प्रश्नासरशी दूर केला. सन २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपणांस स्मरत असेलच. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात, पाणी आटत चालले असता, जलाशयावर कोणते पक्षी आले, कोणते आले नाहीत, आणि आलेले केव्हा निघून गेले, एवढेच त्याने विचारले. आम्ही एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागलो. एक म्हणाला, चक्रवाक त्या वर्षी आलेच नाहीत. दुसरा म्हणाला, आले होते, पण पौषातच गेले. मी माझी वही काढली. तीत “आज पुष्कळ बदके पाहिली, मन प्रसन्न झाले” असे वाक्य सापडले. तारीख नव्हती, संख्या नव्हती, कोठे पाहिली तेही नव्हते. मुलांच्या हजेरीपटातील एक खाडाखोड खपवून न घेणारा मी मास्तर. पण ज्या वर्षी नोंदीचे मोल सर्वांत अधिक होते, त्या वर्षी माझ्याच हजेरीपटाचे पान कोरे निघाले!

छंदी माणसे जमली म्हणजे ज्ञानाची देवघेव होते, यात शंका नाही. परंतु ती देवघेव बैठक उठताच वाऱ्यावर जाते. जे बोलले गेले ते कोणी, कोठे, केव्हा पाहिले यासह लिहिले गेले, लावून ठेवले गेले आणि वाटेल त्याला पाहावयास मिळाले, तरच ते पुढच्या पिढीच्या उपयोगी पडते. छंदाला दप्तर पाहिजे, हेच आज मला सांगावयाचे आहे.

राष्ट्रसभेच्या स्थापनेमुळे ॲलन ह्यूम यांचे नाव आपणां सर्वांस परिचित आहे. हे गृहस्थ पक्षिविद्येचेही मोठे व्यासंगी होते. हिंदुस्थानातील पक्ष्यांवर एक बृहद्ग्रंथ लिहावा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षे टिपणे जमविली. ती सिमल्यास त्यांच्या घरी होती. सन १८८५ च्या सुमारास ते परत येऊन पाहतात, तो नोकराने कागदांचा तो सारा ढीग रद्दी म्हणून बाजारात विकून टाकलेला! एका माणसाची मेहनत, एकच प्रत, एकच घर. त्याचा हा परिणाम. निराश होऊन त्यांनी आपला सुमारे ८२,००० नमुन्यांचा संग्रह लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. परंतु याच ह्यूमसाहेबांनी “स्ट्रे फेदर्स” नावाचे एक नियतकालिक चालविले होते. त्यात ठिकठिकाणच्या हौशी लोकांची टिपणे छापली जात. ती टिपणे मात्र आजही वाचावयास मिळतात. छापलेले आणि चार ठिकाणी गेलेले ते राहिले; पेटीत जपलेले ते गेले.

दुसरे उदाहरण मुंबईचे. ता. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईतील आठ गृहस्थ भायखळ्याच्या वस्तुसंग्रहालयात जमले. ज्यास आज आपण डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतो, तेच हे. आठांपैकी सहा युरोपीय होते, व दोघे आपले: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. महिन्यातून एकदा भेटावे, सृष्टीतील पाहिलेल्या गोष्टींची टिपणे एकमेकांस द्यावी, मिळालेले नमुने दाखवावे, एवढाच त्यांचा संकल्प. आमच्या ओट्यावरील बैठकीहून तो काही फार निराळा नव्हता. पण त्यांनी नमुन्यांस चिठ्ठ्या लावून ते कपाटात ठेवले, आणि सन १८८६ पासून नियतकालिक छापावयास आरंभ केला. त्यात मोठ्या प्रबंधांच्या शेवटी संकीर्ण टिपांसाठी जागा राखलेली असे; रानावनांत काम करणाऱ्या साध्या हौशी माणसाचे चार ओळींचे टिपणही तेथे नावानिशी छापून येई. तीच आजची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी.

या कपाटांचा महिमा पाहा. सन १९०८ च्या सुमारास एक लहान मुलगा आपण मारलेली एक चिमणी घेऊन या संस्थेत गेला. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता, आणि ही चिमणी कोणती हे त्यास समजत नव्हते. संस्थेचे चिटणीस मिलार्ड यांनी तिची ओळख सांगितली व एकामागून एक खण उघडून मुलास नीट लावून ठेवलेले पक्षी दाखविले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. पंचवीस वर्षांपूर्वी अनोळखी माणसांनी व्यवस्थेने मांडून ठेवले नसते, तर त्या दिवशी त्याला दाखवावयास काय होते?

पुढे याच सालिम अलींनी सन १९३१-३२ मध्ये हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली, आणि तिचा वृत्तांत संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आपला मराठवाडा सन १९४८ पर्यंत त्याच संस्थानात होता, हे सांगावयास नको. संस्थान गेले, जिल्हे बदलले, नद्यांवर बांध पडले. परंतु त्या काळी या मुलखात काय होते हे पडताळून पाहावयाचे असेल, तर आजही त्या वृत्तांताकडे जाता येते.

नोंद असावी इतकेच पुरत नाही. ती खरी असावी लागते. रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. त्याचे वर्णन ह्यूम यांनी सन १८७३ मध्ये प्रसिद्ध केले. सन १८८४ नंतर त्याचा खात्रीचा नमुना कोणास मिळाला नाही. एका प्रसिद्ध इंग्रज संग्राहकाने मात्र सन १९१४ मध्ये गुजरातेत मिळाला म्हणून एक नमुना मिरविला होता. पुढे उघडकीस आले की, तो नमुना दुसऱ्याने पूर्वीच मिळविलेला, आणि त्यावरील चिठ्ठी बनावट! त्या खोट्या चिठ्ठीने शोध घेणारांना भलत्याच वाटेस लावले होते. ती बाजूस सारून जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरून पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी खानदेशात गेले, आणि सन १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. एकशे तेरा वर्षांनी! नष्ट झाला असे वाटलेला जीव सापडला, तो कोणी एके काळी कागदाच्या चिटोऱ्यावर गावाचे नाव प्रामाणिकपणे लिहिले होते म्हणून.

आता आम्ही ओट्यावरच्या मंडळींनी काय ठरविले ते सांगतो. आपला छंद नाण्यांचा असो, जुन्या ओव्यांचा असो की बीबियाण्यांचा, यातील बरेचसे आपणांसही लागू पडेल.

एका नोंदीस एक स्वतंत्र कार्ड. त्यावर तारीख, वेळ, ठिकाण, संख्या आणि पाहणाराचे नाव. यांपैकी एक जरी नसले तरी ते कार्ड दप्तरात घ्यावयाचे नाही. स्वतः पाहिलेले व दुसऱ्याकडून ऐकलेले हे वेगळे दाखवावयाचे. ओळख पटली नसेल तर तसे स्पष्ट लिहावयाचे. त्यात कमीपणा मानू नये. चूक आढळली तर मूळ नोंद खोडावयाची नाही. शेजारी दुरुस्ती, तारीख व सही करावयाची. म्हणजे मत कसे बदलले हेही पुढच्या माणसास कळते. आणि ज्या दिवशी जाऊन काहीच दिसले नाही, त्या दिवसाचीही नोंद करावयाची. दुष्काळाच्या वर्षाने आम्हांस हाच धडा शिकविला.

नावांची अडचण मोठी आहे. भारद्वाजास कोणी कुंभारकावळा म्हणतो, कोणी सोनकावळा. तीन नावांखाली तीन नोंदी गेल्या, म्हणजे एकाच पक्ष्याचे तीन पक्षी होतात. म्हणून कार्ड एका ठरलेल्या नावाखाली लावावे, आणि बाकीच्या नावांची सूची करून “अमुक पाहा” असा निर्देश द्यावा. परंतु लोकांची नावे टाकून मात्र देऊ नयेत. मेंढपाळांच्या आणि पारध्यांच्या तोंडची नावे हेही ज्ञानच आहे. वनाधिकारी म्हणून रानात आयुष्य घालविलेल्या मारुती चितमपल्ली यांनी आपल्या “पक्षिकोशा”त अशी नावे जतन केली, हे मराठीवर त्यांचे ऋण आहे.

शेवटची गोष्ट दप्तराच्या जागेची. आमच्या दप्तराची एक प्रत एका घरी, दुसरी दुसऱ्या घरी, आणि तिसरी गावच्या सार्वजनिक वाचनालयात राहील. दरवर्षी चैत्रात सूची नवी करावयाची, आणि ते काम आळीपाळीने एका तरुणाकडे द्यावयाचे. म्हाताऱ्याच्या हाती किल्ली राहिली, तर म्हाताऱ्याबरोबर दप्तरही जाते. आजकाल भ्रमणध्वनीवर छायाचित्र काढून दहा जणांस धाडता येते, व त्याचा आनंदही आहे. परंतु ते चित्र महिन्याने शोधू गेल्यास हाती लागत नाही. म्हणून त्याचेही कार्ड झालेच पाहिजे.

माझ्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही, आणि त्या हिवाळ्यापुरते ते आता कधीच देता येणार नाही. गेलेला दिवस पुन्हा पाहावयास मिळत नाही. पण आमच्या पेटीत आज पहिली काही कार्डे पडली आहेत. पुढे पुन्हा एखादे कोरडे वर्ष आले, आणि आमच्या नातवंडांच्या वयाच्या कोणी मुलाने हाच प्रश्न विचारला, तर त्याला वाचनालयाचे कपाट दाखविता यावे, एवढीच आमची इच्छा आहे. आपणही आज रात्री आपल्या छंदाची वही उघडून पाहा; आणि तीत तारीख नसेल, तर उद्यापासून घालावयास लागा.