पोटाचा घेर आणि ताटातील प्रथिने

वजनकाटा योग्य आकड्यावर थांबला म्हणजे प्रकृती उत्तम, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अपुरी आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचे व त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र प्रसिद्ध केले. उंची आणि वजन यांवरून काढलेला निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय सडपातळ आणि चरबी मात्र पोटात, ही भारतीय शरीराची ठेवण त्या छायाचित्राने जगापुढे आणली. ही चरबी यकृत व आतड्यांभोवती साठून मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांना वाट करून देते. म्हणूनच कमरेचा घेर पुरुषांमध्ये ९० आणि स्त्रियांमध्ये ८० सेंटिमीटरच्या पुढे जाणे धोक्याचे मानतात.

बंधुभगिनींनो, वसई-विरारला हा विषय दूरचा नाही. २००९ साली येथे महानगरपालिका आली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, आणि भाजीपाल्याच्या व केळीच्या वाड्यांशेजारी इमारती उभ्या राहिल्या. वाडीत राबणाऱ्या वा समुद्रावर जाळे ओढणाऱ्या माणसाला भाताचे भरलेले ताट पचत असे. विरारहून सुमारे ६० किलोमीटरवरील चर्चगेट गाठून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या नोकरदाराचे ताट तेच राहिले, श्रम तेवढे गेले. लोकलमध्ये उभे राहण्याचे कष्ट पुष्कळ. पण त्यांना व्यायाम म्हणता येत नाही. त्यात स्थानकाबाहेरचा वडापाव आणि रात्री दहाचे जेवण यांची भर.

उपासमार हा यावर उपाय नव्हे. एकदम अन्न तोडले असता चरबीबरोबर स्नायूही झिजतात, आणि जुना आहार सुरू होताच वजन पुन्हा चढते. आहार थोडा कमी करावा आणि त्यातील प्रथिनांचा वाटा वाढवावा, हे अधिक शहाणपणाचे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मानकानुसार प्रौढ व्यक्तीस दर किलो वजनामागे दररोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलोच्या माणसास सुमारे ५० ग्रॅम. पातळ वरणाच्या वाटीतून हा हिशेब पुरा होत नाही. शंभर ग्रॅम कोरड्या डाळीत वीस-बावीस ग्रॅम प्रथिने असतात, पण वरणाच्या एका वाटीत डाळ पडते ती जेमतेम मूठभर. एका अंड्यातून सहा ग्रॅम मिळतात.

वसईकरांना यासाठी महागड्या डब्यातील भुकटीची गरज नाही. अर्नाळा, नायगाव, पाचूबंदर येथील मासळी दाराशी आहे. मात्र ती तळण्याऐवजी कालवणात किंवा तव्यावर थोड्या तेलात करावी. सुके बोंबील आणि जवळा प्रथिनांनी समृद्ध असतात. त्यांतील मीठ धुऊन काढणे रक्तदाबाच्या रुग्णाने विसरू नये. शाकाहारी घरी मोड आलेल्या वालाचे बिरडे, मूग, चवळी, दही व ताक आहेत. तांदळाच्या प्रथिनांत जे आम्ल कमी असते ते डाळीत भरपूर असते, आणि डाळीतील उणीव तांदूळ भरून काढतो. त्यामुळे डाळभाताची जोडी उत्तमच, फक्त भात अर्धा व डाळ घट्ट हवी. वसईची सुकेळी चविष्ट खरी, परंतु वाळल्याने त्यांतील साखर एकवटलेली असते, एखादे पुरे. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी प्रथिने वाढवण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

व्यायामाबाबत एक भ्रम फार पसरलेला आहे. नुसत्या पोटाच्या बैठकांनी पोटावरची चरबी जात नाही. त्याने तेथील स्नायू बळकट होतात, एवढेच. चरबी उतरते ती सर्व शरीरातून. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यास किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. शिवाय दोन दिवस स्नायूंना ताण देणारा, म्हणजे जोर, उठाबशा वा वजन उचलणे. घरापासून स्थानकापर्यंत रिक्षा सोडून झपझप चालले तर बरीच मिनिटे त्यातच भरतात. रविवारी जीवदानीच्या पायऱ्या चढाव्यात; गुडघे दुखणाऱ्यांनी मात्र किनाऱ्यावरील सपाट वाळू बरी.

घेर मोजताना श्वास सोडून, पोट आत न ओढता, शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध फीत धरावी. महिन्यातून एकदा मोजून आकडा दिनदर्शिकेवर लिहिला तरी चालतो.