मीटर केव्हा पडतो?

विमान जागचं हललं की वैमानिकाचा पगार सुरू होतो, आणि पुढच्या विमानतळावर ते जागेवर लागलं की थांबतो. अमेरिकेतल्या कंपन्यांची ही मूळ रीत मी पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपला टॅक्सीवाला आठवला. त्याचाही मीटर गिऱ्हाईक बसल्यावरच पडतो. पण टॅक्सीवाला स्टँडवर पाय पसरून डुलकी काढू शकतो. वैमानिक गणवेशात, बर्फ थांबण्याची वाट बघत तीन तास विमानतळावर अडकला, तर ते तास त्याचे घरचेही नाहीत आणि पगाराचेही नाहीत.

आज मी कॉमएअरच्या वैमानिकांच्या ज्या संपाविषयी बोलणार आहे, तो पगारवाढीचा म्हणून गाजला. माझ्या मते तो या तासांचा होता, आणि एका यादीचा.

कॉमएअर ही अमेरिकेतल्या सिनसिनाटीची प्रादेशिक विमान कंपनी. छोट्या गावांतून पन्नास आसनी जेटनं माणसं आणायची आणि डेल्टा या बड्या कंपनीच्या मोठ्या विमानांत भरायची, हा तिचा धंदा. 2000 च्या सुरुवातीला डेल्टानं ती अख्खी विकत घेतली. तिकीट डेल्टाचं, शेपटीवरचा रंग डेल्टाचा, मालकही डेल्टा. मात्र वैमानिकाचं नाव डेल्टाच्या ज्येष्ठता यादीत नाही.

ही यादी म्हणजे वैमानिकाची जन्मपत्रिका. कुठलं विमान, कुठला मार्ग, दिवाळीत सुट्टी की ड्यूटी – तिथं नाताळ म्हणू या – सगळं त्या क्रमांकावर ठरतं. दोन्ही याद्या एक करा, अशी कॉमएअरच्या लोकांची मागणी होती. एसटीच्या संपानं ‘विलीनीकरण’ हा शब्द आपल्या घराघरांत नेला; तीच ही मागणी. गंमत अशी, की ती मालकापर्यंत पोचण्याआधी स्वतःच्याच संघटनेत अडली. डेल्टाचे वैमानिक आणि कॉमएअरचे वैमानिक एकाच राष्ट्रीय संघटनेचे सभासद, आणि थोरल्या भावाला धाकटा पंगतीत शेजारी बसलेला नको होता. छोटी विमानं किती आसनांची असावीत, यावर मोठ्यांनी आपल्या करारांत बंधनं घालून ठेवली होती. पुढे धाकट्यांचा एक गट स्वतःच्या संघटनेविरुद्ध कोर्टात गेला. मालकाइतकंच सहकाऱ्याशी भांडण, हे या धंद्याचं खास दुखणं.

अमेरिकेत विमान कंपनीतल्या माणसांना वाटलं तेव्हा उठून संप करता येत नाही. 1926 चा रेल्वे कामगार कायदा 1936 मध्ये विमान कंपन्यांना लागू झाला. त्यानुसार सरकारी मध्यस्थ मंडळानं बोलण्यांतून मोकळं केल्यावरही 30 दिवस थांबावं लागतं. कॉमएअरची बोलणी अशी जवळजवळ 3 वर्षं रखडली. अखेर 26 मार्च 2001 ला सुमारे 1,350 वैमानिक बाहेर पडले आणि कंपनीचं एकही विमान उडालं नाही. नवा सहवैमानिक तेव्हा वर्षाला 20,000 डॉलरही कमवत नव्हता. उड्डाणशिक्षणाचं कर्ज बहुधा त्याहून बरंच जास्त.

संप 89 दिवस चालला. मधेच कंपनीनं विमानं आणि वैमानिकांच्या जागा कमी करण्याची घोषणा केली. तरी माणसं टिकली. जूनमध्ये करार झाला, वेतन वाढलं, निवृत्तीची तरतूद सुधारली. याद्या मात्र वेगळ्याच राहिल्या.

आणि तिथंच खरी मेख होती. डेल्टासाठी छोटी विमानं उडवणाऱ्या इतरही कंपन्या होत्या. एकीकडे मजुरी वाढली की काम दुसरीकडे वळवायचं. इचलकरंजीच्या कुठल्याही यंत्रमागवाल्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. 2005 मध्ये डेल्टानं दिवाळखोरी जाहीर केली, सोबत कॉमएअरनंही. मग संपानं मिळवलेलं एकेक परत मागणं सुरू झालं. 29 सप्टेंबर 2012 ला कॉमएअर बंद पडली. वीस वर्षं विमान उडवलेला कप्तानही दुसऱ्या कंपनीत गेला, तर तिथल्या यादीत त्याचं नाव सगळ्यांत खाली लागणार होतं, कालच शिकून आलेल्या पोराच्या बरोबरीनं.