आधी दार बंद, मग शेवटची रांग



युद्धात हातपाय गमावलेल्या सैनिकाला नोकरीत प्राधान्य मिळावं, याला आपला विरोध नाही. पण त्याची किंमत कोण मोजतं?

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये आधी अपंग माजी सैनिक, लगोलग धडधाकट माजी सैनिकही, असा आयुष्यभराचा अग्रक्रम होता. १९७१ साली हेलन फीनी गुणांत दुसऱ्या आल्या; यादीत मात्र पाच पुरुष माजी सैनिकांमागे सहाव्या! तिथले ९८ टक्क्यांहून जास्त माजी सैनिक पुरुषच होते. असणारच. १९६७ पर्यंत सैन्यभरतीत बायकांना कायद्यानेच दोन टक्क्यांची मर्यादा होती. १९७९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो अग्रक्रम वैध ठरवला. बायकांना डावलण्याचा हेतू नव्हता म्हणे!

अपंगत्वाची भरपाई जरूर द्या. धडधाकटांना जन्मभर पहिली रांग कशासाठी? हेतू काहीही असो, बाहेर कोण राहिलं ते आपण मोजलंच पाहिजे.