भांडणातला आपापला वाटा
(कुटुंब-मेळाव्यात केलेले भाषण)



महोत्सवानिमित्त कौटुंबिक जीवनावर चार शब्द बोलावेत असे चालकांनी सुचविले, तेव्हा त्यांच्या मनात आदर्श संसाराचे एखादे गोड चित्र असावे. मी विषय घेतला आहे भांडणाचा. पवित्र शास्त्रात आदर्श जोडपी शोधू जाल तर फार थोडी सापडतील. भांडणारी मात्र अगदी पहिल्या पानांपासून भेटतात.

आदामाला देवाने साधा प्रश्न केला : मना केलेले फळ खाल्लेस काय? 'होय' एवढे उत्तर पुरले असते. पण आदाम आधी बायकोचे नाव घेतो, आणि ती तूच मला दिलीस असे सुचवून देवालाही त्यात गोवतो. हव्वा सर्पाकडे बोट दाखविते. खाल्ल्याची कबुली दोघांच्याही बोलण्यात आहे, पण ती अगदी शेवटी, नाइलाजाने आलेली. देवाने मात्र प्रश्न दोघांना वेगवेगळा विचारला आणि फळही ज्याचे त्याला वेगळे सांगितले. पतिपत्नी एकदेह झाली तरी जाब एकत्र घेतला जात नाही, हे आपण विसरतो.

साराय आणि अब्राम यांचेही तसेच. हागारेला नवऱ्याच्या हवाली करण्याची कल्पना सारायची, मान्यता अब्रामाची. आणि घरात विस्तव पेटल्यावर साराय म्हणते दोष तुझा, तर अब्राम म्हणतो दासी तुझी, तुला वाटेल ते कर. दोघांनी हात झटकले आणि गरोदर हागार रानात पळाली. मोठ्यांच्या भांडणाची किंमत घरातले तिसरेच माणूस देते. बहुधा ते लहान मूल असते.

परंतु मला अधिक विचार करायला लावते ती मीखलची गोष्ट. कराराचा कोश यरुशलेमात येत असता दावीद राजा बेभान नाचला. मीखलने ते खिडकीतून पाहिले आणि तो तिच्या मनातून उतरला. तो घरी आला तेव्हा तिने टोमणा मारला. त्याने तिच्या बापाचे राज्य काढून तसाच सणसणीत जबाब दिला. आपले उपदेशक येथे मीखलला गर्विष्ठ ठरवून मोकळे होतात. पण मागची पाने उलटा. हीच मीखल दावीदावर प्रीती करीत होती. बाप त्याच्या जिवावर उठला तेव्हा हिनेच त्याला खिडकीतून उतरवून वाचविले. पुढे बापाने तिला दुसऱ्याला दिले. वर्षांनंतर दावीदाने तिला परत मागविले, तेव्हा तो दुसरा नवरा बहूरीमपर्यंत रडत मागोमाग आला. मीखलला कुणी काही विचारल्याचे शास्त्रात लिहिलेले नाही. त्या दिवशीचे भांडण नाचण्यावरून झाले खरे, पण ते नाचण्याचे नव्हते. आपल्याकडे भाजीत मीठ जास्त पडल्यावरून जी भांडणे होतात, त्यांतली किती मिठाची असतात?

म्हणून टोमणा मारणे बरोबर ठरते असे नव्हे. तिची जीभ तिची होती आणि त्याचा जबाब त्याचा. दोघांपैकी एकाने जरी त्या संध्याकाळी, तुला काय झाले आहे, असे विचारले असते! शास्त्र एवढेच सांगते की तिला मरेपर्यंत मूलबाळ झाले नाही.

आता पौलाकडे येतो, कारण घराघरांत त्याचाच आधार घेतला जातो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5 व्या अध्यायातले पत्नींना सांगितलेले शब्द पुरुषांना तोंडपाठ असतात. त्याच्या आधीच सर्वांनी एकमेकांच्या अधीन व्हावे असे लिहिले आहे ते नसते, आणि पतींना सांगितलेला भाग त्याहून कितीतरी लांब व कठीण आहे तेही नसते. पोस्टाने आलेले दुसऱ्याच्या नावाचे पाकीट आपण फोडीत नाही. पण शास्त्रात नेमके तेच करतो. नवऱ्याने आपले वाचावे, बायकोने आपले.

भाषणापूर्वी एका भगिनीने विचारले की नवरा दारू पिऊन हात उचलीत असेल, तर त्यातही बायकोचा वाटा शोधायचा काय? नाही. मारणाऱ्या हाताचा जबाब त्या हाताच्या मालकाचाच. अबीगईलची गोष्ट पाहा. नाबालाच्या उद्धटपणामुळे दावीद चारशे माणसे घेऊन निघाला, तेव्हा तिने नवऱ्याची परवानगी मागितली नाही. दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरे गाढवांवर लादून घर वाचविले. नवऱ्याचा मूर्खपणा तिने झाकलाही नाही. रात्री तो झिंगलेला होता, म्हणून अवाक्षर काढले नाही. सकाळी नशा उतरल्यावर सारे सांगितले. अशा घरातली बाई मंडळीच्या दाराशी आली, तर तिला धीर धर म्हणून परत पाठवू नये. तिला आधी सुरक्षित जागा द्यावी, 2005 सालचा घरगुती हिंसाचारविरोधी कायदा समजावून सांगावा, आणि पाळकांनी मग नवऱ्याला बोलवावे; तेही सकाळी.