‘च’ची भाषा आणि आपला कोड

अल कुसैसमधून बोलतोय.

लहानपणी ‘च’च्या भाषेत बोललात ना? आपले व्यापारीही नंदभाषेत एकाला ‘केवली’ म्हणत, गिऱ्हाइकाला भाव कळू नये म्हणून. कोडचं ऑब्फस्केशन तसंच. ‘पगार’, ‘सूट’ अशी नावं जाऊन नुसती ‘अ’, ‘ब’ राहतात. प्रोग्रॅम तसाच चालतो, वाचणारा मात्र गोंधळतो.

माझीच फजिती सांगतो. एका दुकानासाठी जावास्क्रिप्टमध्ये बिलिंग लिहिलं. कोड असा गुंतवून टाकला आणि सर्व्हरचा पासवर्ड निर्धास्तपणे त्यातच ठेवला. दुकानदाराच्या कॉलेजातल्या मुलाने ब्राउझरमध्ये कोड उघडून तो मला वाचून दाखवला! नावं बदलली होती, पासवर्ड जसाच्या तसा होता. रात्री जागून सगळं बदललं.

तुमच्या घरी कोणी ॲप बनवत असेल, तर तीन गोष्टी सांगा. गुपित सर्व्हरवरच ठेवा. मूळ कोड आणि बदललेल्या नावांची यादी जपा, नाहीतर ॲप बंद पडल्यावर चूक आपल्यालाच सापडत नाही. आणि करार लेखी करा. भारताचा १९५७ चा आणि इथला २०२१ चा, दोन्ही कॉपीराइट कायदे प्रोग्रॅमला संरक्षण देतात.

ऑब्फस्केशन जरूर करा, पण ते कुलूप नाही, पडदा आहे. ‘च’ची भाषा धाकट्या भावंडाला शेवटी कळायचीच, हो ना?