वेबसाईटसाठी कोणती भाषा शिकावी?

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात दिलेले भाषण)



बारावीचा निकाल लागला की पालक मला हमखास विचारतात, "सर, मुलाला वेबसाईटचं काम शिकायचंय. पीएचपी घेऊ, पायथन घेऊ की जावा?" मी बी. ए., बी. एड. झालेला भाषेचा शिक्षक. तरीही या प्रश्नाच्या मागे लागलो, कारण माझ्याच सल्ल्याने एका मुलाचे नुकसान झाले. "सध्या जिला मागणी आहे ती शीक," असे मी त्याला सांगितले होते. मागणीमागे धावत त्याने दोन वर्षांत तीन क्लास धरले आणि तिन्ही अर्धवट सोडले. वडिलांनी भिशी उचलून फी भरली होती. त्या दिवसापासून असा सल्ला देणे मी सोडून दिले.

प्रथम काम समजून घेऊ. शाळेच्या फलकावरची सूचना सर्वांना सारखीच दिसते. साधे वेबपान तसेच असते. निकालाच्या वेबसाईटवर मात्र बैठक क्रमांक टाकला की आपलेच गुण समोर येतात. जणू खिडकीमागे एक कारकून बसला आहे. तो क्रमांक घेतो, रजिस्टर उघडतो, नोंद शोधतो आणि उत्तर लिहून देतो. अशा वेबसाईटला डायनॅमिक म्हणतात. हा कारकून म्हणजे सर्व्हरवरचा प्रोग्राम आणि रजिस्टर म्हणजे डेटाबेस. कारकुनाला सूचना कोणत्या भाषेत द्यायच्या, एवढाच निवडीचा प्रश्न आहे.

आता भाषा पाहू. पीएचपी १९९५ साली लोकांसमोर आली. विकिपीडिया आणि वर्डप्रेस तिच्यावरच चालतात. स्वस्तातल्या सर्व्हरवरही ती चालते, म्हणून दुकान, दवाखाना, शाळा अशा लहान गिऱ्हाइकांची कामे करणाऱ्याला ती सोयीची आहे. पायथन १९९१ सालची. तिची वाक्यरचना सुटसुटीत असून २००५ सालापासून तिच्या जोडीला जँगो हा तयार सांगाडा आहे. पुढे आकडेवारीच्या कामातही ती उपयोगी पडते. जावास्क्रिप्ट १९९५ साली ब्राउझरसाठी निघाली आणि २००९ साली नोड आल्यावर सर्व्हरवरही रुळली. जावा ही मात्र नावात साम्य असलेली निराळीच भाषा आहे. बँका व मोठ्या कंपन्यांत ती पुष्कळ वापरतात. या साऱ्या भाषा घरी विनामूल्य उतरवून घेता येतात. फी असते ती क्लासची, भाषेची नव्हे.

माझे मत विचाराल तर एचटीएमएल आणि सीएसएस प्रत्येकाने शिकावे, कारण पान त्यांनीच बनते. मग जावास्क्रिप्ट घ्यावी, कारण ब्राउझरमध्ये ती टाळता येत नाही. डेटाबेसशी बोलण्यासाठी एसक्यूएल लागतेच. सर्व्हरची भाषा मात्र एकच निवडावी आणि किमान एक वर्ष तिला सोडू नये. त्या वर्षात एक तरी काम पुरे करावे. मग ते आपल्या वाचनालयाच्या पुस्तकांची नोंदवही का असेना.

आपली मुले घरी उर्दू किंवा दखनी, शाळेत मराठी आणि मकतबात अरबी शिकतात. एक लिपी पक्की झाली की दुसरी सोपी जाते आणि तिन्ही कच्च्या राहिल्या तर एकही हाती लागत नाही, हे मी वर्गात रोज पाहतो. येथेही तसेच आहे. काम पायरीपायरीने मांडण्याच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. हा शब्द नवव्या शतकात बगदादमध्ये काम केलेल्या अल-ख्वारिझ्मी यांच्या नावावरून आला. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण ती रीत अंगी बाणवली तरच त्या अभिमानाला अर्थ आहे. भाषा बदलली तरी तीच आपल्याजवळ राहते.

पालकांनो, फी भरण्यापूर्वी क्लासमध्ये तीन गोष्टी विचारा. मूल स्वतःच्या हाताने किती कामे पुरी करील? डेटाबेस शिकवणार का? आणि वेबसाईट सुरक्षित ठेवायला शिकवणार का? लोक आपल्या वेबसाईटवर नाव, फोन नंबर, पासवर्ड ठेवतात, ती त्यांची अमानत असते. पासवर्ड जसाच्या तसा साठवू नये, आणि कोणी लिहिलेला मजकूर डेटाबेसच्या हुकमात थेट जोडू नये. नाहीतर लबाड माणूस त्या वाटेने सारे रजिस्टर उघडतो. हे ज्याला येत नाही, त्याची भाषा कितीही नवी असो, त्याचे शिक्षण अपुरेच आहे.

आणि हो, हे सारे मुलाबद्दलच विचारू नका. मुलीही तितक्याच हुशार आहेत, आणि हे काम घरबसल्याही होते.

शेजाऱ्याचा मुलगा काय शिकतो हे पाहून निवड करू नका. एक भाषा धरा आणि तडीस न्या.