हृदयतज्ज्ञ घडतो कोणाच्या खाटेशी?

(भाषणाचा संपादित अंश)



मी वैद्यकाचा जाणकार नव्हे. आयुष्यभर अर्थशास्त्र शिकवले. एका सार्वजनिक रुग्णालयात माझी अँजिओप्लास्टी झाली आणि एम. डी. नंतरचा तीन वर्षांचा डी. एम. कार्डिऑलॉजी हा शिक्षणक्रम मी चार दिवस खाटेवरून पाहिला. माझा अधिकार एवढाच.

या शिक्षणक्रमाचे बळ प्रथम मान्य केले पाहिजे. मनगटाच्या धमनीतून नळी सरकवावी कशी आणि सरकवू नये केव्हा, हे ग्रंथ वाचून येत नाही. त्यासाठी शेकडो रुग्ण हाताखालून जावे लागतात. सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयांत ते येतात. संधिवाती तापाने हृदयाची झडप आकसलेली तरुण स्त्री तेथे आजही दिसते. दाटीवाटीने राहणाऱ्या गरिबांचा हा रोग. म्हणून फुग्याने झडप रुंद करण्याचे कसबही त्यांच्याच खाटेशी शिकावे लागते. १९६८ साली डॉ. पी. के. सेन यांनी देशातील पहिले हृदयारोपण केले तेही मुंबईच्या के. ई. एम. मध्ये, म्हणजे पालिकेच्याच रुग्णालयात. रुग्ण वाचला नाही, पण ते धाडस सार्वजनिक पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेचे होते.

आता दुसरी बाजू. मला तपासणारा तरुण आदल्या सकाळपासून जागा होता. निवासी डॉक्टरांना सर्वसाधारणपणे सलग १२ तासांहून अधिक काम देऊ नये, असे केंद्राच्या १९९२ च्या योजनेत लिहिलेले आहे. ते कागदावरच राहिले. स्ट्रेचर ढकलणे आणि रक्ताचे नमुने पोचवणे हे शिक्षण नव्हे. ते न भरलेल्या पदांचे काम आहे, आणि विद्यार्थी ते फुकट करतो.

याहून मोठा दोष असा की, हे शिक्षण कॅथलॅबच्या दारापाशीच थांबते. शिकलेले हात कॅथलॅब असेल त्याच शहरात जाणार. त्यात त्या तरुणाचा काय अपराध? बंधपत्राने माणूस काही काळ अडवता येतो, रुजवता येत नाही.

एम. डी., एम. एस. च्या विद्यार्थ्यांना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काम करावे लागते. डी. एम. च्या विद्यार्थ्यांना ही अट नाही. ती असावी, असे माझे म्हणणे आहे. तेथे अँजिओप्लास्टी होणार नाही, हे मला कळते. पण ईसीजी वेळेवर वाचणे, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या तासांतच देणे, झडपेच्या रुग्णाचे दर तीन-चार आठवड्यांचे पेनिसिलिन चुकत नाही ना हे पाहणे, हेही हृदयशास्त्रच आहे. एक प्राध्यापक मला म्हणाले, “तीन महिने गेले तर हात कच्चा राहील.” आक्षेप खोटा नाही. पण स्ट्रेचर ढकलण्यात किती महिने जातात, तो हिशेब त्यांनी मांडलेला नव्हता.

घरी निघताना मी त्या तरुणालाच विचारले. तो म्हणाला, “सर, जाईन मी. फक्त तिथे ईसीजीचा कागद संपलेला नसावा.”